केशराचें गांव : सफ्रानबोलू

परदेशीं गेल्यावर आपण बहुधा दोन प्रकारच्या जुन्या वास्तु पाहून परततों. एक राजांनीं बांधलेल्या आणि दुसऱ्या देवासाठीं बांधलेल्या. किल्ले, राजवाडे, मंदिरें, मशिदी, समाध्या यांचे दरवाजे प्रवाशाला सर्वत्र उघडे असतात. परंतु त्याच काळीं त्या किल्ल्याच्या पायथ्याशीं राहणारा चर्मकार किंवा कापडाचा व्यापारी कोणत्या घरांत निजत होता, त्याची चूल कोठें होती, त्याच्या घरच्या बायका रस्त्याकडे कोणत्या खिडकींतून पाहत होत्या, असें कोणी विचारलें तर दाखवायला कांहीं उरलेलें नसतें. दगडी राजवाडा टिकतो. लाकूडमातीचें घर एक-दोन पिढ्यांत पडतें, जळतें, किंवा विकलें जातें. म्हणूनच ज्या एका गांवांत सुखवस्तु गृहस्थांचीं अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतलीं घरें आजही शेंकड्यांनीं उभीं आहेत, त्या गांवाची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. तें गांव तुर्कस्तानांत आहे आणि त्याचें नांव सफ्रानबोलू.

काळ्या समुद्राच्या किनाऱ्यापासून डोंगर ओलांडून आंत आलें म्हणजे काराब्यूक प्रांत लागतो. त्यांत हें गांव आहे. अंकारा राजधानींतून मोटारीनें निघालें तर साधारणपणें तीन तासांत तेथें पोंचतां येतें. मोटार थांबते ती वरच्या बाजूच्या नव्या वस्तींत. सिमेंटच्या इमारती, बँका, दुकानें. जुन्या गांवाची खूण कोठेंच नाहीं. मी गेलों तेव्हां क्षणभर फसल्यासारखें वाटलें. मग उताराचा रस्ता धरून अर्ध्या तासाच्या आंत खालीं आलों, तों एका दरीच्या कुशींत सारें गांव एकदम दृष्टीस पडलें. तांबड्या कौलांचीं पसरट छपरें, पांढऱ्या भिंती, तपकिरी लांकडाच्या उभट खिडक्या. आणि एकावर एक चढत गेलेल्या घरांच्या रांगांतून मधूनच डोकावणारे मशिदींचे मिनार व हमामखान्याचे घुमट. हिदिर्लिक नांवाची एक टेकडी समोर आहे. तेथून हें दृश्य नीट दिसतें, म्हणून प्रथम तेथेंच जावें. गांवाची रचना एकदां वरून समजली म्हणजे खालीं गल्ल्यांत हिंडतांना वाट चुकली तरी मन चुकत नाहीं.

नांवांतला ‘सफ्रान’ म्हणजे केशर. तोच शब्द आपणांकडे ‘जाफरान’ म्हणून आला आहे. ‘बोलू’ हा ग्रीक ‘पोलिस’, म्हणजे नगर, या शब्दाचा तुर्की अवशेष. केशराचें नगर असा त्याचा सरळ अर्थ. तेराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हें गांव व्यापारी तांड्यांच्या वाटेवरील एक मोठें ठाणें होतें. इस्तंबूलकडून काळ्या समुद्रावरील सिनोप बंदराकडे जाणारे तांडे येथें मुक्काम करीत. त्यांच्यासाठीं गांव घडत गेलें. सुलेमान पाशाचा मदरसा, जुनी मशीद व जुना हमामखाना यांचें बांधकाम १३२२ सालचें. सतराव्या शतकांत, म्हणजे उस्मानी साम्राज्याच्या, ज्याला आपण ऑटोमन साम्राज्य म्हणतों त्याच्या, वैभवकाळांत गांवाची खरी भरभराट झाली.

त्या भरभराटीचा एक साक्षीदार बाजाराच्या मधोमध उभा आहे. ‘जिंजी हान’ असें त्या सराईचें नांव. हान म्हणजे सराई आणि जिंजी म्हणजे जिन्नांस वश करणारा मांत्रिक. हुसेन एफेंदी नांवाचा याच गांवचा एक मनुष्य इस्तंबूलला गेला. त्या वेळीं गादीवर सुलतान इब्राहीम होता. त्याची कारकीर्द १६४० ते १६४८. सुलतानाची प्रकृति व मन दोन्ही ठिकाणावर नव्हतीं. हुसेनच्या मंत्रतंत्रांनीं त्यास बरें वाटूं लागलें आणि हा मांत्रिक बघतां बघतां अनातोलियाचा मुख्य न्यायाधीश होऊन बसला. अमाप संपत्ति जमली. तींतून त्यानें आपल्या गांवीं ही दगडी सराई व एक हमामखाना बांधला. १६४८ सालीं सुलतान पदच्युत झाला, त्याबरोबर मांत्रिकाची संपत्ति जप्त झाली आणि त्यासही देहान्त शासन मिळालें. मनुष्य गेला, पण त्याच्या सराईंत आजही प्रवासी उतरतात आणि हमामखान्यांत आजही पाणी तापतें. पुढें कोप्रूलू मेहमेद पाशा व इझ्झेत मेहमेद पाशा या दोन वजिरांनींही येथें मशिदी बांधल्या. दुसऱ्यानें १७९७ सालीं घड्याळाचा मनोराही उभारला.

परंतु, श्रोतेहो, मीं आरंभीं सांगितल्याप्रमाणें सराया आणि मशिदी इतरत्रही आहेत. येथें पाहावयाचीं तीं घरें.

गांवाचे तीन भाग आहेत. दरींतला, दोन ओढ्यांमधील त्रिकोणी भाग तो चार्शी, म्हणजे बाजार. त्याच्या वर किरानकेय. येथें पूर्वीं ग्रीक ख्रिस्ती लोक राहत. आणि त्याहून वर, डोंगराच्या उतारावर, बाआलार. हा ‘बाग’ या फारसी शब्दाचाच तुर्की अवतार. अर्थ द्राक्षांचे मळे. चार्शींतील बहुतेक कुटुंबांचीं घरें दोन. हिंवाळा खालच्या घरीं काढावयाचा, कारण दरींत वारा लागत नाहीं आणि बाजार जवळ. उन्हाळा आला कीं अंथरूणपांघरूण, भांडींकुंडीं घेऊन वरच्या मळ्यांतील घरीं जावयाचें. तेथें हवा थंड, फळफळावळ दाराशीं. शरदांत वर्षाचें खाणें वाळवून, मुरवून, बरण्यांत भरून पुनः खालीं यावयाचें. गृहस्थ उन्हाळ्यांतही रोज खालीं दुकानीं येई व संध्याकाळीं वर परते. ऋतूप्रमाणें सारें गांव हलत असे.

आतां चार्शींतील एखादें घर घेऊं. रस्त्यावर उभें राहून वर पाहिलें कीं एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. तळमजल्याची दगडी भिंत रस्त्याच्या वळणाप्रमाणें वांकडी गेलेली असते आणि तिच्यावरचे मजले मात्र काटकोनांत सरळ असतात. याचें कारण असें. गल्ल्या डोंगराच्या उताराप्रमाणें वळत गेल्या. जमिनीचे तुकडे त्यामुळें वेडेवांकडे पडले. दगडी भिंत जागेची सीमा पाळते. पण राहण्याची खोली वांकडी असून कशी चालेल? म्हणून वरचा मजला लांकडी तिरप्या धिऱ्यांवर रस्त्याच्या बाजूस थोडा पुढें काढतात आणि तेथें कोन सरळ करून घेतात. अशा रीतीनें खालीं जमिनीची अडचण, वर माणसाची सोय, असा मेळ बसतो. शिवाय त्या पुढें आलेल्या भागास तिन्ही बाजूंनीं खिडक्या ठेवतां येतात. गल्लीचीं दोन्ही टोंकें घरांत बसून दिसतात. अरुंद वळणावर कित्येक घरांच्या तळमजल्याचा कोपरा तासून टाकलेला असतो. तो ओझ्याच्या जनावरांना वळतां यावें म्हणून.

वरच्या मजल्यांचा सांगाडा लांकडाचा. खांब, तुळया आणि तिरपे टेकू यांच्या चौकटींत कच्च्या विटा किंवा माती भरतात व वरून गिलावा करतात. लांकूड भार पेलतें, माती उष्णता व थंडी अडविते. लांब आलेल्या वळचणी पावसापासून भिंती राखतात. गल्लीची फरसबंदी मध्यभागीं उतरती असते. त्यामुळें पाऊस पडला तरी पाणी घराच्या पायांत न शिरतां मधून वाहून जातें. भिंत, वळचण आणि फरसबंदी अशी एकमेकांस सांभाळून असते.

दार उघडून आंत गेलें कीं प्रथम लागते ती ‘हयात’. तुर्कींत या शब्दाचा दुसरा अर्थ आपणांस ठाऊक असलेलाच, आयुष्य, असा आहे. ही तळमजल्याची जागा. येथें जनावरें, सरपण, धान्य. लांकडी जाळ्यांतून उजेड आणि वारा आंत येतो. रस्त्याच्या बाजूस या मजल्याला खिडकी नसते, त्यामुळें बाहेरून तो बागेच्या कुंपणाची भिंतच वाटतो. जोडे काढून जिना चढावयाचा. मधला मजला ठेंगणा. हिंवाळ्यांत तो लवकर ऊबतो. सर्वांत वरचा मजला उंच छताचा, खिडक्यांनीं भरलेला आणि पाहुण्यांना दाखविण्याजोगा. प्रत्येक मजल्याच्या मध्यभागीं एक मोकळें दालन असतें. त्याला ‘सोफा’ म्हणतात. युरोपांत हाच शब्द बसण्याच्या आसनाला चिकटला. सोफ्याच्या चारी कोपऱ्यांस चार खोल्या आणि त्यांच्या मधून बसण्याच्या जागा, अशी मांडणी.

यांतील प्रत्येक खोली हें एक स्वतंत्र घर आहे असें म्हटलें तरी चालेल. एकत्र कुटुंबांत मुलाचें लग्न झालें कीं एक खोली त्या जोडप्याची. खिडक्यांलगत भिंतीच्या कडेनें लांकडी बैठक. दिवसा तिच्यावर बसावयाचें. एका भिंतींत अग्निकुंड व धूर वर नेणारें धुराडें. दुसऱ्या भिंतीभर कोरीव लांकडाचीं कपाटें. त्यांत गाद्या घडी करून ठेवतात. रात्रीं त्या जमिनीवर अंथरल्या कीं बैठकीची खोली शेजघर होते. त्यांतलेंच एक कपाट उघडलें तर आंत स्नानाची मोरी! नवरा-बायकोस खोलीबाहेर न पडतां अंग धुतां यावें म्हणून ही योजना. खोलींत खुर्च्या, पलंग, मेज असें सामान जवळजवळ नाहींच. जें लागतें तें भिंतींत आहे. आणि सगळी हौस छतावर. लांकडाच्या पट्ट्यांची नक्षी, मधोमध कोरलेलें फूल, कोठें रंगकाम. जमिनीवर पडून वर पाहणाऱ्यासाठीं तें केलेलें आहे, हें उघड दिसतें.

मोठ्या घरांत पुरुष पाहुण्यांचा भाग निराळा व बायकांचा निराळा. पडद्याची चाल होती. मग स्वयंपाक बायकांच्या भागांत आणि पाहुणे दुसऱ्या भागांत, तर ताटें जाणार कशीं? त्यासाठीं भिंतींत एक फिरतें गोल कपाट बसविलेलें असतें. एका बाजूनें पदार्थ ठेवून तें फिरवावें, म्हणजे दुसऱ्या बाजूस ताट हजर. वाढणारीचा हातही दिसत नाहीं. प्रवासी तें फिरवून पाहतात आणि हंसतात. मीही फिरवून पाहिलें. पण त्या कपाटाच्या पलीकडे ज्या बायकांचें सारें आयुष्य गेलें त्यांना त्यांत गंमत वाटली असेल असें नाहीं. जुन्या घराचें कौतुक करतांना ही गोष्ट विसरूं नये. कांहीं श्रीमंत घरांत आंतच मोठा हौद आहे. त्याला तुर्की शब्द ‘हवुज’, आपल्या हौदाचाच सख्खा भाऊ. आग लागल्यास पाणी, उन्हाळ्यांत गारवा, आणि पाण्याच्या आवाजांत खासगी बोलणें शेजारच्याला ऐकूं जात नाहीं, असे त्याचे तीन उपयोग तेथें सांगतात.

आतां मुख्य प्रश्न. हें सर्व टिकलें कसें? गांवकऱ्यांना आपल्या वारशाचें महत्त्व पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतें, म्हणून टिकलें, असें सांगावयास बरें वाटलें असतें. पण तें खरें नव्हे. गांव टिकलें तें प्रथम दैवानें. लोहमार्ग आले, मालाची ने-आण बदलली आणि तांड्यांची वाट ओस पडली. चामड्याचा धंदा हा गांवाचा कणा होता. ओढ्याच्या कांठीं चामडीं कमावण्याचे कारखाने आणि बाजारांत जोडे शिवणाऱ्यांची दुकानें एका ओळींत होतीं. तो धंदाही मंदावला. घरें पाडून नवीं बांधण्याइतका पैसा लोकांजवळ राहिला नाहीं.

तशांत १९३७ सालीं शेजारीं काराब्यूक या खेड्यांत तुर्की सरकारनें पोलादाचा मोठा कारखाना उभारावयास घेतला. १९३९ सालीं तो चालू झाला. जोडे शिवणाऱ्यांचीं मुलें कारखान्यांत मजूर झालीं. काम दहा किलोमीटरांच्या आंत मिळाल्यामुळें गांव सोडून इस्तंबूलला जाण्याची पाळी पुष्कळांवर आली नाहीं. आणि नव्या चाळी, नवे रस्ते, नवें शहर हें सगळें काराब्यूकला व वरच्या माळावर झालें. खालची दरी तशीच राहिली. कारखान्यानें जुने धंदे संपविले, पण जुनीं घरें वांचविलीं.

तरीही दैवावर किती काळ भागणार? १९७५ हें वर्ष युरोपांत वास्तुवारशाचें वर्ष म्हणून पाळलें गेलें. त्या निमित्तानें येथील नगरपालिका व इस्तंबूलचें तांत्रिक विद्यापीठ यांनीं मिळून वास्तु व लोकजीवन यांवर एक सप्ताह साजरा केला. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९७६ सालीं, जुन्या गांवाला संरक्षण मिळालें. एकेक इमारत नोंदवून ठेवण्याऐवजीं गल्ल्या, बागा, बाजार यांसह सारें गांवच राखावें, हा विचार पक्का झाला. त्याच वर्षीं टेकडीवरची जुनी कचेरी आगींत जळाली. लांकडाचें गांव एका ठिणगीनें किती सहज जाऊं शकतें, हें सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिलें. सुहा आरिन या दिग्दर्शकानें काढलेल्या एका माहितीपटानें गांवाचें नांव देशभर नेलें. १९९४ सालीं युनेस्कोनें त्याचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश केला. आज तेथें हजारांहून अधिक वास्तु संरक्षित म्हणून नोंदलेल्या आहेत. जळालेली कचेरी दुरुस्त होऊन तिच्यांत आतां नगराचें वस्तुसंग्रहालय आहे.

परंतु घर राखणें आणि घरांतलें जीवन राखणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. किरानकेयमध्यें ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. येथील ग्रीकांचीं घरें दगडी. खालीं दुकान व वर बिऱ्हाड अशी त्यांची रीत. १९२३ सालीं लोझानच्या करारानें तुर्कस्तान व ग्रीस यांच्यामध्यें लोकसंख्येची अदलाबदल ठरली. ती ठरली धर्मावरून. अनातोलियांतील ख्रिस्ती ग्रीसला गेले, ग्रीसमधील मुसलमान तुर्कस्तानांत आले. दोन्हींकडे मिळून पंधरा लाखांच्या आसपास माणसें उठलीं. किरानकेयचे लोकही घरांस कुलपें लावून गेले. त्यांचें चर्च पुढें मशीद झालें. आज त्या भिंती चांगल्या स्थितींत आहेत. ज्यांनीं त्या बांधल्या त्यांचे वंशज परदेशी प्रवासी म्हणूनच त्या पाहूं शकतात. आपल्यापैकीं ज्यांनीं १९४७ सालच्या फाळणीच्या कथा घरांत ऐकल्या आहेत, त्यांना याहून अधिक सांगावयास नको.

चार्शींतही दुसऱ्या प्रकारें तेंच घडत आहे. मी ज्या घरांत उतरलों होतों तें आतां पाहुण्यांस भाड्यानें देतात. कपाटांतील मोरींत नळ आला आहे, अग्निकुंडाजवळ विजेची शेगडी आहे. मालक मोठा आदबशीर गृहस्थ. त्यानें चहा देतां देतां सांगितलें कीं, त्याचा जन्म वरच्या मजल्यावरील कोपऱ्याच्या खोलींत झाला. मीं घेतलेली खोली तीच. “आणि आपल्या मातोश्री?” मीं विचारलें. त्या वरच्या नव्या वस्तींत सिमेंटच्या इमारतींत राहतात. गुडघे दुखतात, जिना चढवत नाहीं. तेथें ऊब आहे आणि उद्वाहनही आहे. “घर पाहुण्यांनीं वांचविलें,” तो म्हणाला, “पण घरांत आतां पाहुणेच आहेत.” त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. भाडें आलें नसतें तर छपराची कौलें बदलतां आलीं नसतीं, हें त्याला पुरतें ठाऊक होतें.

या प्रश्नाचें उत्तर सोपें नाहीं. पण तें उत्तर कोणत्या दिशेला असावें, याची सूचना मला गांवाच्या नांवांतच मिळाली. केशराचें फूल शरद ऋतूंत उमलतें. जांभळ्या फुलांत तीन तांबडे तंतु, तेंच केशर. एक किलो केशरासाठीं सुमारें दीड लाख फुलें हातांनीं खुडावीं लागतात. या झाडाला बीं धरत नाहीं. वारा, पांखरें, मधमाशा यांच्याकडून त्याची वाढ होत नाहीं. माणसानें जमिनींतला कंद काढून, सुटा करून पुनः लावला, तरच त्याचा प्रसार होतो. सफ्रानबोलूच्या परिसरांत ही लागवड विसाव्या शतकांत जवळजवळ बुडाली होती. दावुतोबासी या खेड्यांतल्या थोड्या शेतकऱ्यांनीं ती सोडली नाहीं, म्हणून आज ती पुनः वाढवितां आली. बाजारांत केशरी रंगाची ‘लोकुम’ मिठाई विकत घेतांना त्या थोड्या लोकांची आठवण ठेवावी.

घराचेंही असेंच आहे. कायद्यानें तें पाडण्यास बंदी करतां येते. यादींत त्याचें नांव घालतां येतें. पण दर वर्षीं कौलें फेरणारा, गिलावा धरणारा, तिरपा टेकू नव्यानें बसविणारा सुतार आणि त्याच्या हाताखालीं शिकणारा मुलगा असल्यावांचून लांकूडमातीचें घर उभें राहत नाहीं. म्हणून सफ्रानबोलूस जाल तेव्हां घरें पाहून झाल्यावर लोहारांच्या गल्लींतही जा. तेथें भात्याचा आवाज अजून ऐकूं येतो. दाराच्या कड्या, बिजागऱ्या अजून हातानें घडतात. त्या कड्या बसविल्या जाण्याजोगीं घरें उभीं आहेत, म्हणून तो लोहार आहे. आणि तो लोहार आहे, म्हणून तीं घरें आहेत.

परत आल्यावर मी पुण्यांतील आमच्या जुन्या पेठेंतून जात होतों. लांकडी खांबांचा एक वाडा उतरवून त्याच्या तुळया रस्त्याच्या कडेला विक्रीसाठीं रचल्या होत्या. वारस पुष्कळ, भाडेकरूंचें भाडें जुनें, दुरुस्तीचा खर्च मोठा. मालकाला दोष द्यावा असें मला वाटलें नाहीं. पण त्या तुळईंतलें खोबणीचें काम कोणी केलें आणि तसें काम करणारा सुतार पेठेंत आज कोठें सांपडेल, हें मीं तेथल्या माणसांना विचारलें. कोणाला सांगतां आलें नाहीं.